काळ्या कोटावर पांढरे डाग

घरातली वस्तू बिघडली की मेकॅनिकला फोन लावणाऱ्या नवऱ्यांची मला कीव येते. आपल्याला हात दिलेत ते कशासाठी? आमच्या नळाला बोअरचं पाणी येतं. ते इतकं क्षाराचं, की गिझरची कॉइल सहा महिन्यांत पांढरी पडते आणि वाळलेला टॉवेल कोपऱ्यात उभा केला तर उभा राहतो. परवा मी चहाच्या किटलीत व्हिनेगर उकळलं आणि आतला थर असा सुटला, की बुडात तोंड दिसायला लागलं. तेव्हापासून मी घरात जरा छाती काढूनच वावरत होतो.

बायको वकील आहे. त्या दिवशी अकरा वाजता तिची पहिली स्वतंत्र केस होती, आणि तीही पाण्याचीच. समोरच्या इमारतीतल्या चाळीस कुटुंबांना बिल्डरने गोड्या पाण्याचा शब्द दिला होता आणि नळाला जोडली होती बोअर. लोकांची वॉशिंग मशीनं बंद पडली, गिझर गळायला लागले. आमची इमारतही त्याचीच, बोअरही तीच. केस हरली तर पुन्हा सिनियरच्या फायली उचलणं आलं, हे ती आठवडाभर जेवताना बोलत होती.

नऊ वीसला ती आंघोळीला निघाली.

"कोटाला जरा वाफ मार. इस्त्रीत प्यायच्या कॅनमधलंच पाणी घाल. आणि डोकं चालवू नकोस."

डोकं चालवू नकोस म्हटलं की माझं चालतंच. वाफेच्या इस्त्रीची भोकं क्षाराने बुजत आली होती. व्हिनेगरची बाटली समोर होती. कोटाला वाफही लागेल आणि इस्त्रीही आतून साफ होईल, एका दगडात दोन पक्षी. मी टाकी काठोकाठ भरली.

"जावईबापू, ते पाणी नाही," सासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. बघत राहा."

ते बघत राहिले. इस्त्री आधी खोकली. मग गुरगुरली. मग तिने दोन वर्षांचा साठलेला क्षार, कालवलेल्या चुन्यासारखा, कोटाच्या पाठीवर ओकून टाकला. काळ्या कोटावर पांढरा चिखल, आणि घरभर आंबूस वास.

ओला फडका घेऊन पुसलं, तर डाग पसरला. बेसिनच्या नळाखाली धरलं, तर डाग गेल्यासारखा वाटला. हेअर ड्रायरने वाळवलं, तर जिथे जिथे नळाचं पाणी लागलं होतं तिथे नवी पांढरी वर्तुळं उमटली. आधी डाग हाताएवढा होता, आता पाठभर नकाशा झाला. पावणेदहा. बाथरूममधला नळ बंद झाला.

"बाबा, तुम्ही काही पाहिलं नाहीत."

"मी सगळं पाहिलंय. आपणहून सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटं बोलायचं वय राहिलं नाही माझं."

दार उघडलं. तिने कोट हातात घेतला, उजेडात नेला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे कशाने झालं?"

"पाण्याने," मी म्हणालो. "कॅन रिकामा होता. नळाचं घातलं."

"वास कसला येतोय?"

"क्षार तापले की येतो असा."

क्षार आपल्याच पाण्याचा होता, तेव्हा हे पुरतं खोटं नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. तिने कोट नाकाशी नेला आणि मग माझ्याकडे बघितलं. शाळेत प्रगतिपुस्तक घरी दाखवतानासुद्धा मला इतका घाम फुटला नव्हता.

"नक्की नळाचंच?"

"नळाचंच."

सासऱ्यांनी पान उलटलं. तिने तोच कोट अंगात घातला आणि निघून गेली. दिवसभर ऑफिसात फोन वाजला की माझा जीव उडत होता.

संध्याकाळी ती आली ती नुसत्या पांढऱ्या शर्टात, आणि चक्क हसत.

"तो बिल्डरचा वकील उठला आणि म्हणाला, पाणी उत्तम आहे, नुकसान झाल्याचा पुरावा दाखवा. मी सरळ पाठ फिरवली! म्हटलं, हा घ्या. याच बोअरचं पाणी आज सकाळी इस्त्रीत घातलं, त्याचं हे. न्यायाधीशांनी चष्मा लावून कोट बघितला. पुराव्यात जमा करून घेतलाय."

मी खुर्चीत बसलो. सुटलो होतो. तेवढ्यापुरतं मला व्हिनेगरविषयी प्रेमसुद्धा वाटलं.

"आता अख्खी केस त्या कोटावर उभी आहे," ती म्हणाली. "म्हणून समोरच्या वकिलाने अर्ज दिला. इस्त्री करणाऱ्याची उलटतपासणी हवी. शपथेवर. मी म्हटलं, खुशाल घ्या, माझा नवरा आहे. गुरुवारी रजा टाक."

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती वळली.

"बाबा, तुम्हीही तिथेच होता ना? मग तुम्हालाही साक्षीला घेते. याने इस्त्रीत काय घातलं ते पाहिलंत ना?"

ते खाकरले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी उठून उभा राहिलो.

"तसं बघितलं तर," मी म्हणालो, "व्हिनेगरातही पाणीच जास्त असतं."