लाभार्थी हीच मदतनीस

म्हातारपण माणसाला फुकट मिळतं. त्याची काळजी मात्र निधी मंजूर झाल्याशिवाय घेता येत नाही. गृहसेवा कार्यालयाच्या भिंतीवर हे सत्य लिहिलेलं नव्हतं, पण तिथल्या रांगेत तीन तास उभं राहिलं की आपोआप उमगायचं. मुलगी तशी दोनदा उभी राहिली. तिची आई ब्याऐंशी वर्षांची. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, न्हाणीघराचा उंबरा ओलांडायचा तर भिंतीला विचारून पाऊल टाकायची. मुलगी सहा तासांच्या अंतरावर नोकरीला. (अंतर मोजण्याची कार्यालयाची रीत वेगळी होती. "एकाच देशात आहात ना? मग जवळचे नातेवाईक," असं म्हणून खिडकीतल्या कारकुनाने शिक्का मारला.)

अखेर आठवड्याला सहा तास मदतनीस मंजूर झाली. आंघोळ घालणे, केर-फरशी, स्वयंपाक, आणि 'आपुलकीचा संवाद : दहा मिनिटे'. कार्यालयाने सगळ्यांचा विचार केला होता. फक्त आईचा करायचा राहिला.

परकं माणूस घरात येणार तर घर आवरलेलं हवं, असा आईचा कायदा होता. मदतनीस नऊला येणार म्हणून ती पाचला उठायची. बसून बसून फरशी पुसायची, भिंत धरून आंघोळ उरकायची, स्वयंपाक करून ठेवायची. मग मदतनीस यायची. आधीच्या दोन घरांत दोन आजोबा उचलून तिची कंबर धरलेली असायची.

"ये गं, बस. घामाघूम झालीस किती!"

"आजी, आधी तुमची आंघोळ."

"झाली की कधीच. तू जेवलीस का?"

"अहो, मला वहीत लिहावं लागतं."

"मग लिही ना, लिहायला कोण नको म्हणतंय? जेवून लिही."

मदतनीस जेवायची. नंतर आई तिच्या कंबरेला तेल चोळून द्यायची. बाई प्रामाणिक होती, वहीत खरं तेच लिहायची : आंघोळ, आधीच झालेली. केर, आधीच काढलेला. स्वयंपाक, उत्तम, वांगी विशेष. आपुलकीचा संवाद, पन्नास मिनिटे.

मुलगी फोनवर करवादायची. "आई, ती तुझं करायला येते. तू तिचं करायला नाही."

"अगं, दिवसाला सात म्हातारी उचलते ती."

"आणि आठवी तिला उचलते!"

"मग काय खुर्चीत बसून हुकूम सोडू? ती काय माझी सून आहे?"

तिसऱ्या महिन्यात दर्जा-तपासणी झाली. एरवी या योजनेत दहापैकी चार मदतनीस वर्षाच्या आत काम सोडत. या एका घरासाठी मात्र अकरा जणींचे बदलीचे अर्ज पडले होते. तपासनीसाने शेरा दिला : 'दर्जा अत्युत्कृष्ट. गरज आढळली नाही.' सहाचे तीन तास झाले. दर्जा घसरला नाही. (आई चारला उठू लागली.) तिनाचा एक झाला. तरीही घसरला नाही, तेव्हा तज्ज्ञांच्या ध्यानात आलं की दर्जाचा आणि मदतनिसाचा मुळात संबंधच नाही. विभागाने हे संशोधन इतर विभागांना पाठवलं. तिथेही त्याचं मनापासून स्वागत झालं.

मुलगी रजा टाकून कार्यालयात गेली. तिला फार काही नको होतं. आंघोळीच्या वेळी आईजवळ कुणीतरी असावं, एवढंच.

विभागप्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तुमची तळमळ पोचली. अडचण माणसांची आहे, चाळीस टक्के जागा रिकाम्या. पण तुमच्या पत्त्यावर एक अनुभवी, वक्तशीर, स्वच्छतेची आवड असलेली बाई चोवीस तास उपलब्ध आहे, असं वह्या सांगतात."

"साहेब, ती माझी आई आहे. लाभार्थी आहे ती."

"तेच तर! प्रवासभत्ता वाचला."

पंधरा दिवसांत ओळखपत्र आलं, निळा अंगरखा आला, नवी वही आली. आईने अंगरखा घालून फोन केला. "ऐकलंस का? नोकरी लागली मला. तुझ्या बाबांना दोन वर्षं खेटे घालावे लागले होते."

मुलगी हसली. हसू आलं याचा तिला पुढे फार राग आला.

वही आईने इमानाने भरली. 'नऊला हजर. घरातच होते.' 'लाभार्थी हट्टी आहे, गोळ्या विसरते, सांगितलं तर उलट बोलते.' 'आंघोळ : आज नको म्हणाली. भीती वाटते म्हणे.' 'आपुलकीचा संवाद : दहा मिनिटे. विषय : मुलगी.'

नवी व्यवस्था पाहायला तपासनीस येणार असं पत्र आलं. त्या सकाळी आई माळा पुसायला स्टुलावर चढली. अकरा वाजता तपासनीस पोचला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, आणि माळा स्वच्छ होता.

चौकशी रीतसर झाली. प्रश्न एकच होता : घटनेच्या वेळी मदतनीस जागेवर होती का? होती. 'शेवटच्या श्वासापर्यंत ती लाभार्थ्यासोबत होती. इतक्या सातत्याचे दुसरे उदाहरण योजनेच्या दप्तरात नाही.' सबब कुणावरही ठपका नाही. दुसऱ्या दिवसापासून मदतनीस पूर्वसूचनेशिवाय गैरहजर राहिल्याची तेवढी नोंद झाली.

मुलीने कागदपत्रं मागितली. गरज नाही हे ठरवलं कशावरून, तेवढंच तिला बघायचं होतं. कारकुनाने फाइल उघडून बोट ठेवलं. 'आप्तांचा दाखला' असा एक रकाना होता. शेजारणीचा होता, मामाचा होता, फक्त दिवाळीला उगवणाऱ्या चुलतभावाचासुद्धा होता. सर्वांत वर होता तिचा स्वतःचा : तपासणीच्या वेळी भरून दिलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर, शेवटच्या रिकाम्या ओळीत, सुवाच्य अक्षरात, काहीशा अभिमानाने लिहिलेला. 'या वयातही आई सगळं स्वतःचं स्वतः करते.'

नियमाप्रमाणे हा दाखला कुणीही सज्ञान व्यक्ती कुठेही, चारचौघांत उभ्या उभ्या देऊ शकते. मागच्या वेळी घरी पाहुणे आले, आईने उठून सगळ्यांना पाणी दिलं, आणि तुम्ही कौतुकाने तो दिलात. लेखी नव्हता, पण तोंडीही चालतो.