बेदाण्यांचा खिसा

दाबके सरांच्या अ‍ॅप्रनला कायम मुंग्या असायच्या. नाशकातला मुलांचा एवढा मोठा डॉक्टर, आणि डाव्या खिशात मूठभर बेदाणे!

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. उशिरा बोलणारी, कुणाकडे न बघणारी, एका जागी न ठरणारी मुलं दर मंगळवारी यायची. सर सतरंजीवर फतकल मारून बसायचे, आम्हालाही बसवायचे. मुलाने खिशातला बेदाणा चोरला की त्याची नजर, बोटं, मन, सगळं सरांना कळायचं म्हणे. मग "चोर सापडला!" अशी आरोळी ठोकायचे.

चोरी होईपर्यंत मात्र खिशाकडे बघायचं नाही, हा सरांचा नियम. "बघितलंत की परीक्षा झाली, डॉक्टर. पोरं इथं खेळायला येतात."

मला एकदा राहवलं नाही. सरांनी मला अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसवलं. एम.बी.बी.एस. झालेली बाई मी! मुलं भलतीच खूश झाली.

पेठ तालुक्यातून येणारी चार वर्षांची सुमन सात महिने खिशाकडे फिरकलीसुद्धा नाही. पंख्याकडे बघत बसायची. शेवटी बाप कंटाळला. "सायेब, दिवाळीपत्तुर बघतो. मंग नाय आणनार. गाव येडी म्हनतंय, म्हनू दे."

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी सुमनचा हात खिशात गेला. एकच बेदाणा. मी नियमाप्रमाणे भिंतीकडे बघत होते, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. आता आरोळी येणार म्हणून आम्ही कान टवकारले. आरोळी न ठोकताच सर उठले. बापाला हळूच म्हणाले, "दिवाळीनंतर आणा हं." बापाने डोळे पुसले आणि मान डोलावली.

त्या दिवशी सर पिशवी विसरून लवकर घरी गेले. ती द्यायला मी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी गेले. व्हरांड्यात त्यांचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पंख्याकडे बघत बसला होता. मुलाबद्दल सर कधीच बोलले नव्हते. शेजारी ते स्वतः, अजून अ‍ॅप्रनमध्येच, डावा खिसा मुलाच्या बाजूला.

"वीस वर्षं झाली," त्यांच्या पत्नी दारातून म्हणाल्या. "रोज असेच बसतात. त्याने अजून एकही घेतला नाही."

सर समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी पिशवी ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसले, भिंतीकडे तोंड करून.