तिरफळाच्या तेलाचा पंचनामा

सन १९३१च्या आश्विनात सुगंधी वनोपज खात्याचे रसायनतज्ज्ञ हरिश्चंद्र बिवलकर रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावी आले. तिथे भिकाजी तांडेलाच्या परसात तिरफळाचं झाड होतं. अख्खं गाव बांगड्याच्या कालवणात त्याचीच तिरफळं घाली. तथापि त्यांना वास का येतो, हे सरकारला अधिकृतपणे ठाऊक नव्हतं.

"वास येतो म्हणून तर घालतो," भिकाजीची बायको मथुरा म्हणाली.

"तो वास शास्त्रीय नव्हे, बाई."

बिवलकरांनी परसातच चुलीवर तांब्याचं भांडं मांडलं, त्याला वाकडी नळी जोडली. वर्षाची सगळी तिरफळं वाफेला लागली आणि बाटलीत चार बोटं तेल जमलं.

चूल, भांडं आणि वाकडी नळी एकत्र दिसल्यास ती दारूची भट्टी समजावी, असा दुसऱ्या एका खात्याचा नियम होता. तिसऱ्या दिवशी त्या खात्याचे इन्स्पेक्टर हजर झाले. बिवलकरांकडे परवाना होता. पण तो तेलाचा, नळीचा नव्हे. मात्र साहेबानं साहेबाला धरावं कसं? परसदार भिकाजीचं, म्हणून भिकाजीला धरलं.

"सायेब, वास तरी घ्या! ह्यो दारूचा हाय काय?"

"वास हा पुरावा होत नाही. पृथक्करण व्हावं लागेल."

पृथक्करण झालं. त्यात सगळं तेल संपलं. अहवाल आला : मद्यार्क आढळला नाही, खात्रीसाठी दुसरा नमुना पाठवावा. आता झाडावर तिरफळं नव्हती आणि भांड्याला लाखेची मोहर लागलेली. सबब खुद्द झाडच पुराव्यादाखल कचेरीत हजर करावं, असा हुकूम सुटला. झाड चालत येत नसल्यानं ते तोडून आणण्याची मुभाही त्यातच होती.

गलबतावर वीस वर्षांची तुफानं झेललेला भिकाजी त्या दिवशी झाडापाशी गेला. काटेरी खोडाला मिठी मारता येत नाही, म्हणून नुसता हात टेकून उभा राहिला. मग बाजूला झाला.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. तो निर्दोष सुटला.

झाडतोडीच्या पंचनाम्यावर गावच्या पाच जणांच्या सह्या होत्या. पाचही जण जन्मभर तीच तिरफळं खाल्लेले. मथुरेनं शेजारच्या जानूला गाठलं.

"भावजी, सही करताना कागद वाचलात तरी काय?"

"सरकारी कागद, वयनी. त्यो काय वाचायचा असतो?"

वाचकहो, जानूला हसू नका. तुम्ही शेवटची सही ज्या कागदावर केलीत, त्यात काय लिहिलं होतं ते आधी सांगा.