खोडरबरचे एक्केचाळीस शेरे

अहवाल तयार होता, फक्त शेरे मिटवायचे राहिले होते. एक्केचाळीस शेरे, सगळे खोडरबरचे. आणि खोडरबर वारले त्याला अडीच महिने झाले होते.

अहवालाचा विषय असा, की माणसांनी लांब लांब बसून, संगणकावरच्या एकाच फाइलीत मिळून काम कसं करावं. त्यावर सरकार धोरण ठरवणार होतं. लिहिणारे मात्र दोघं एकाच खोलीत, टेबलाला टेबल लावून बसायचे. पाल्हाळ पानंच्या पानं लिहायचे आणि खोडरबर समासात शेरा टाकून ती उडवायला सांगायचे. बावीस वर्षं हेच चाललं होतं, नावंही त्यातूनच पडलेली. आता शेजारची खुर्ची दुसऱ्या विभागानं पळवली होती, आणि पाल्हाळ त्या जुन्या शेऱ्यांखाली उत्तरं लिहीत बसायचे. "गाढवा, हा परिच्छेद का म्हणून उडवू?" दुसऱ्या दिवशी त्याच्याच खाली, "आता का गप्प?" त्यांना करमतच नव्हतं, त्याला कोण काय करणार?

यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण संचालक मॅडम नव्या आल्या. त्यांनी खोडरबरना कधी पाहिलं नव्हतं, पाहिला तो संगणकानं काढलेला तक्ता. कुणाच्या शेऱ्यांवर सगळ्यात जास्त चर्चा? खोडरबर. दुसरा नंबर जवळपासही नाही.

"माणूस असा हवा," मॅडम बैठकीत म्हणाल्या. "सादरीकरणाला यांनाच उभं करू. बसतात कुठे?"

सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं.

"बसत नाहीत," पाल्हाळ म्हणाले.

"घरून काम करतात? उत्तम. आपला विषयच तो."

"वारले ते, मॅडम."

मॅडमचा चेहरा पडला. बाई वाईट नव्हत्या, पण ओशाळलेला साहेब दुप्पट कडक होतो. "शुक्रवारपर्यंत एकही शेरा उघडा दिसता कामा नये," असं म्हणून त्या उठल्या.

संगणकवाला म्हणाला, "काका, एका झटक्यात मिटवून देतो."

"हात लावू नकोस. मी मिटवतो."

शुक्रवारी सकाळपासून पाल्हाळ एकेक वाचत बसले. 'इथे स्वल्पविराम दे, धाप लागते.' मिटवला. 'हे तुला तरी कळलं का?' मिटवला. चाळिसाव्यापर्यंत समोरचं दिसेनासं झालं, इतकं डोळ्यांत पाणी.

शेवटचा शेरा ज्या वाक्यावर होता, त्यावरून दोघं चार महिने भांडले होते. वाक्य पाल्हाळांचं: 'मिळून काम करायला माणूस शेजारी असण्याची गरज नाही.' शेरा: 'साफ खोटं. उडव.'

पाल्हाळांनी वाक्य उडवलं, खाली "तू जिंकलास" असं लिहिलं आणि शेरा मिटवला.

थोड्या वेळानं फोन वाजला. नाव खोडरबरचं. पाल्हाळांनी ते दोनदा वाचून मग उचलला.

"भावजी, मी बोलतेय." आवाज खोडरबरच्या बायकोचा होता. "ह्यांचा फोन मी रोज चार्जिंगला लावते. तुम्ही काही लिहिलंत की त्यावर येतं."

"सगळं?"

"गाढवसुद्धा."

पाल्हाळांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वहिनी, मला खरंच कल्पना..."

"असू द्या हो. चहा घेताना वाचायचे मी. वाटायचं, हे ऑफिसातच आहेत, चाललंय भांडण. आज सकाळपासून नुसतं मिटवला, मिटवला. आणि आता म्हणे हे जिंकले. तुम्ही कधी हार मानली नाहीत, भावजी. आता मी वाचू काय?"

फोन ठेवून पाल्हाळांनी वाक्य होतं तिथे परत घातलं, मिटवलेला शेरा पुन्हा उघडला आणि लिहिलं, "गाढवा, वाक्य राहणार."

दारात मॅडम उभ्या होत्या. "झाले सगळे?"

"एक राहिलाय. ऐकत नाही तो."

मॅडमनी शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. "राहू द्या एक," त्या हळूच म्हणाल्या आणि गेल्या.

इतक्यात पडद्यावर, खोडरबरच्या नावानं, नवी ओळ उमटली. 'साफ खोटं. उडवा, भावजी.'

पाल्हाळ पोटभर रडले. वाक्य मात्र त्यांनी उडवलं नाही.