कपाटामागचा चौथा बोर्ड

खरात मामा बोर्ड देताना त्याचे पाय मोजून देतात. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड म्हणजे काडेपेटीएवढी छोटी पाटी, दोन्ही कडांना बारीक पिना. मामा एक काडी एकेका पिनेवर टेकवत मोठ्यानं मोजतात आणि विचारतात, "तीस. बघितले ना?" परत घेताना पुन्हा तीस. पिना तर सोल्डरनं पक्क्या डाखलेल्या असतात, एकटी पिन चोरून कोण काय करणार, असं मी पहिल्या वर्षी घाबरत विचारलं होतं. मामा म्हणाले, "तेच तर. काय करणार व्हतास?"

जालन्यातल्या आमच्या कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्स लॅबचे सहायक आहेत. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे सगळ्याच कॉलेजांत असे पाय मोजत असतील, असं मला सहा महिने वाटत होतं.

कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर मामांनी जखमेला लावायची पट्टी चिकटवलीय. प्रिंटर आपोआप घरघरला की ते वळून त्याला दरडावतात, "कोणाला विचारून?" मुलांना ते गावाच्या नावानं हाक मारतात. मी पिंपळगाव, माझा जोडीदार वैभव भोकरदन.

या वर्षी वैभवनं लॅबच्या कॉम्प्युटरवर एआयचा एजंट, म्हणजे लिहून सांगितलेलं काम स्वतः करणारा प्रोग्राम, बसवला आणि त्याला एक सॉफ्टवेअर जोडून दिलं. कॉम्प्युटरच्या वायरींना कोणते बोर्ड लागलेत, ते या सॉफ्टवेअरमुळे एजंटला स्वतःच कळतं. आपण नुसतं लिहायचं, 'बोर्ड बघ.'

मामांनी हे ऐकलं आणि खुर्ची ओढली.

"डोळ्याला पट्टी म्या लावली. मंग ह्याला दिसतंय कसं?"

"वायरीतून कळतं, मामा. बोर्ड आपली ओळख सांगतो."

"आन् बोर्ड खोटं बोलला तर?"

वैभव हसला. मला तर अजूनही तो प्रश्न बराबर वाटतो.

मग मामांनी परीक्षा घेतली. आमची पाठ वळल्यावर गुपचूप स्वतःचा मोबाईल जोडला. उत्तर आलं, 'हा बोर्ड नाही, मोबाईल आहे.' मामा दोन पावलं मागं सरले. "चहाडखोर हाय हा. ह्याच्यासमोर घरचं बोलू नका."

आमच्या प्रकल्पाची परीक्षा दुसऱ्या दिवसावर आली होती. माझ्या काकांच्या रेशीम किड्यांच्या शेडमध्ये तीन जागी तापमान मोजायचं, त्यासाठी तीन बोर्ड. वैभव अहवाल छापायला गेला होता. मधल्या सुट्टीत मी एकटाच प्रोग्राम टाकायला बसलो. 'बोर्ड बघ,' असं लिहिलं.

'चार बोर्ड जोडलेले आहेत.'

"मामा, हा चार म्हणतोय."

"तीनच दिलेत म्या." एरवी ते काडी घेऊन धावले असते. आज जागचे हलले नाहीत. "चुकला असन. बंद कर जल्दी."

पण पुढची ओळ आली होती. मी ती मोठ्यानं वाचली, "चारही बोर्डांवर नवा प्रोग्राम टाकतो. आधीचा पुसला जाईल. टाकू का?" मी घाईत होतो. 'हो' लिहिलं आणि बटणावर बोट नेलं.

"थांब!"

मामा कपाटामागं घुसले. काहीतरी खसकन ओढल्याचा आवाज झाला. बाहेर आले तेव्हा मुठीत एक जुना बोर्ड होता, त्यावर नखाएवढा पडदा.

"मला वाटलं, कॉम्प्युटरच्या ह्या वायरीतून नुसती लाईट येती," ते धापा टाकत म्हणाले. "हिच्यातून पुसताबी येतं?"

"येतं, मामा."

ते स्टुलावर बसले. "सायरा म्हणून पोरगी व्हती, मंठ्याची. होस्टेलचं जेवण तिला जमंना, मंग हितं बसून जेवायची माझ्यासंगं. जाताना हे करून देल्लं. भंगारातला बोर्ड हाय, लॅबचा न्हाई. लॅबच्या सरला सांगू नको."

मी माझा मोबाईलचा चार्जर भिंतीत लावून दिला. "ह्यातून फक्त लाईटच येते." मामांनी चार्जर उलटसुलट करून पाहिला आणि बोर्ड जोडला. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटली. 'मामा, जेवलात का?'

"जेवायच्या सुट्टीत लावतो म्या, मंग थोड्या थोड्या टाईमानं विचारती," मामा म्हणाले. "फोनबी करायची पहिलं. आता नोकरीत कुठं टाईम भेटतो."

मी अडखळत म्हणालो, "ह्याची कॉपी काढून ठेवू का? बोर्ड कधी बिघडला तर..."

"कशानं काढतोस?"

मी कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. मामांनी त्याच्या कॅमेऱ्यावरची पट्टी अंगठ्यानं दाबून पाहिली. मग बोर्ड माझ्या हातात दिला. पाय मोजले नाहीत.

मी आधी आमचे तिन्ही बोर्ड काढून बाजूला ठेवले. 'फक्त वाच, काही पुसू नको,' एवढंच लिहिलं. बटण दाबायच्या आधी मामांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. कॉपी होईपर्यंत ते हात मागं बांधून उभे होते.

झाल्यावर बोर्ड पुन्हा चार्जरला लावला. पडद्यावर तोच प्रश्न आला. आमचे तिन्ही बोर्ड अजून रिकामेच पडले होते, पण मला उठवेना. मामांनी खालच्या कप्प्यातून डबा काढला, भाकरी मोडली.

"जेवू राह्यलो," ते पडद्याला म्हणाले आणि अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.