मेहुण्याने केलेला ट्रेलर

"अहो, तुम्ही गेलात," बायको मोबाईल बघत म्हणाली.

"कुठे?" कारकुनाने गालावरचा फेस पुसत विचारलं.

"ते नाही लिहिलंय. नुसतेच गेलात."

कारकून दिवसभर लिफ्ट दुरुस्तीच्या ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायचा आणि घरी आला की ब्लॉगवर विनोदी गोष्टी लिहायचा. तीन वर्षांत वाचक जमले एकेचाळीस. त्यातले निम्मे सासरकडचे, म्हणजे न वाचताच 'छान' म्हणणारे. अशात एका प्रकाशिकेने कळवलं, "रविवारी पाचला ब्लॉग बघते. वाचक बरे असतील तर पुस्तक काढू." बिचाऱ्याची झोपच उडाली. पुस्तकासाठी त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता. कुणीतरी सुचवलं, ब्लॉगचा ट्रेलर करा, लोक धावत येतील. आता मेहुण्याचाच व्हिडिओचा धंदा असताना बाहेर कशाला जायचं? तिथेच घोडं पेंड खात होतं, कारण मेहुणा गेली सहा वर्षं फक्त श्रद्धांजलीचे व्हिडिओ करत होता.

कारकुनाने बायकोच्या मोबाईलवर मेहुण्याचा तो ट्रेलर लावला. काळा पडदा, मेणबत्ती, रडकं व्हायोलिन. त्याचा फोटो हळूहळू मोठा होत धूसर झाला. खाली अक्षरं उमटली, 'त्यांनी आपल्याला हसवलं.' मग ब्लॉगचा पत्ता आणि शेवटी 'शोकाकुल पत्नी' म्हणून बायकोचा नंबर.

त्याने मेहुण्याला फोन लावला. "अरे गाढवा, मी जिवंत आहे!"

"ते मला माहितीये की, भावोजी. पण तुम्हीच म्हणालात ना, लोकांच्या काळजाला हात घाल? मला असाच घालता येतो. साचा नेहमीचा घेतला, फोटो तेवढा बदलला."

"काढ आधी तो!"

"काढतो. पण वाचक बघितलेत का?"

कारकुनाने बघितलं. एकोणीसशे! जिन्यात भेटला तर तोंड फिरवणाऱ्या शेजाऱ्यानेही लिहिलं होतं, 'असा लेखक पुन्हा होणे नाही.' कारकुनाला भरून आलं. रविवारचे पावणेपाच वाजले होते.

"पाचपर्यंत राहू दे," तो हळूच म्हणाला.

"लाज नाही वाटत?" बायको भडकली.

"पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसातले साहेब. "वहिनी, फार वाईट झालं. धीर धरा. पण तक्रारींच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवायचे हो ते?"

"वि-विचारून सांगते," म्हणत तिने घाईघाईने फोन ठेवला. पाच वाजून गेले आणि फोन पुन्हा वाजला. या वेळी प्रकाशिका. कारकुनाने खुणेनेच स्पीकर लावायला सांगितला.

"मी खोटं रडणार नाही हं," बायको कुजबुजली.

"रडू नकोस. नुसतं हं हं कर."

"ताई, तुमचं दुःख मोठं आहे," प्रकाशिका म्हणाली. "पण पुस्तक आम्ही काढतोय. याच महिन्यात."

कारकुनाने ओरडू नये म्हणून तोंडात उशी कोंबली.

"हं," बायको म्हणाली.

"एकच आहे. गोष्टी चांगल्या आहेत, पण शेवट सगळे फसलेत. ते आम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. आता हरकत घ्यायला ते नाहीतच."

उशी खाली पडली. बायकोने डोळे वटारले, हात जोडले, शेवटी त्याच्या तोंडावर हात दाबला. तीन वर्षं रक्त आटवून लिहिलेले शेवट! त्याने तिचा हात झटकला.

"एका अक्षराला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

प्रकाशिका दचकली. "कोण बोलतंय?"

"मी. लेखक."

"म्हणजे तुम्ही... आहात?"

"आहे."

"अगबाई! बरं झालं हो, खरंच आनंद वाटला," प्रकाशिका अगदी मनापासून म्हणाली. "मग आता कसली घाई? तुम्ही आहात तोवर थांबू."