महाराजांचा बारावा वेढा

एका जंगलात, बाळांनो, एक रेडिओ केंद्र होतं. जंगलात रेडिओ कशाला, असं विचारू नका. शेजारच्या जंगलात होता, म्हणून इथेही हवा होता. कागदावर मात्र कारण चांगलं लिहिलं होतं : वणवा लागला की कुरणातल्या सशांना त्यांच्या रेडिओवर वेळेवर कळावं.

केंद्रातली तांब्याची कॉइल सुगरण पक्षिणीने गुंडाळली. बारा वेढे, एकासारखा एक.

ती म्हणाली, "यंत्राचा जोर कॉइलमधून एरियलला जातो. पण एरियलची तार नेमक्या वेढ्यावर जोडावी लागते. मी तार एकेक वेढा सरकवून पाहिली. चौथा बरोबर बसतो. त्याच्या वर जोडली, तर जोर बाहेर जाणार नाही, इथेच तापत बसेल."

"चौथा?" ध्वनिमंत्री अस्वल दचकलं. "उद्घाटनाला वाघमहाराज येणार, आणि त्यांचा आवाज चौथ्यावरून? बाराव्याला जोडा!"

"पण साहेब, मी मोजून..."

"मोजायचंय काय त्यात? बारा मोठे की चार?"

उद्घाटनाचा दिवस उजाडला. महाराजांच्या शुभहस्ते तार बाराव्या वेढ्यावर चढली. महाराजांनी डरकाळी फोडली आणि कॉइल लालबुंद झाली.

"केवढी ही ताकद!" माकडांनी टाळ्या पिटल्या. माघातली थंडी होती. सगळे अधिकारी कॉइलभोवती हात शेकत बसले. ऊब फार छान होती म्हणे.

तिसऱ्या दिवशी वणवा लागला. महाराज माइकवर ओरडले, "सशांनो, पळा!" सुगरणीने खिडकीतून पाहिलं. कुरणात एकाही सशाचा कान हलला नाही.

"साहेब, तार चौथ्यावर घेऊ द्या! पोरंबाळं जळतील हो त्यांची!"

"महाराजांनी जोडलेली तार काढायची? वेड लागलंय का? समितीची बैठक मंगळवारी आहे. अर्ज करा."

सुगरणीला संताप आला. ती खिडकीतून सुटली ती थेट कुरणात. धुरात शिरून बिळाबिळाशी ओरडली. पंख होरपळले तिचे, पण ससे पोरांसकट नदीपार झाले.

मग मोठा सत्कार झाला. रेडिओमुळे एकही ससा दगावला नाही, असं अस्वलाने भाषणात सांगितलं. कॉइलला झेंडूचा हार घातला. तो लगेच जळाला, पण फोटो आधीच काढून झाला होता.

सुगरणीलाही कागद मिळाला. कामाची जागा विनापरवानगी सोडल्याबद्दल नोटीस.

तात्पर्य : मुलांनो, कुणाचा जीव वाचवायला जायचं असेल, तर आधी रजा मंजूर करून घ्यावी.